फळ्यावर लिहिलंय ना!

आमच्या लालबागच्या चाळीत व्हॉट्सॲपवर कुणाचाही विश्वास नाही. ग्रुप आहे, जोरात आहे. उजाडायच्या आत त्यावर गुलाब फुलतात, हळदीने मधुमेह पळतो आणि आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर मिळतो, तोही दर वर्षी नव्याने. लोक ते चहाबरोबर वाचतात, हात जोडलेलं चित्र टाकतात आणि कामाला लागतात. विश्वास ठेवायचा तो फळ्यावर.

फळा तळमजल्यावर जिन्यापाशी आहे. पाणी कधी जाणार, पूजा कधी, मीटिंगला कोण आलं नाही आणि कोण वारलं, सगळं त्यावर खडूने लिहिलेलं असतं. लिहितात माझे बाबा. गिरणी चालू होती तेव्हा गेटवरचा युनियनचा फळाही तेच लिहायचे. गिरणी गेली, तिच्या जागी काचेचा टॉवर आला, युनियन कुठे गेली ते विचारू नका, पण बाबांचं अक्षर राहिलं. इतकं सुरेख, की त्यात स्वतःच्या मयताची बातमी वाचायला मिळाली तरी माणूस नाराज व्हायचा नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे एक काका परळला हॉस्पिटलात होते. कुणीतरी धावत येऊन सांगितलं, गेले. बाबांनी लगेच लिहिलं: दुःखद निधन, अंत्ययात्रा चार वाजता. दुपारी काका स्वतःच औषधांची पिशवी घेऊन टॅक्सीतून उतरले. फळ्यापुढे उभे राहिले, चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि बाबांना हाक मारून म्हणाले, "चार मला जमेल रे, पण आधी जेवून घेतो."

त्या दिवसापासून बाबांचा नियम झाला. प्रेत पाहिल्याशिवाय फळ्यावर लिहायचं नाही. पाणी जाणार असं कुणी म्हटलं तरी ते आधी वॉर्ड ऑफिसात विचारून यायचे आणि मगच खडू हातात घ्यायचे. चाळीत हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे फळ्यावर आलं की विषय संपला.

गेल्या निवडणुकीत मी सकाळीच शिवडीला, माझ्या घराजवळच्या केंद्रावर मत दिलं आणि चार वाजून गेल्यावर माहेरी चहाला आले. चाळीत शिरताना सवयीने फळ्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबले.

"मतदान. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांनी केंद्रावर जाऊ नये. अधिकारी घरी येऊन मत घेतील. ओळखपत्र तयार ठेवावे." खाली दुहेरी रेघ. दुहेरी रेघ बाबा फक्त मयताला आणि फार महत्त्वाच्या सूचनेला मारतात.

घरून मत देण्याची सोय असते, नाही असं नाही. पण ती फार वय झालेल्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना, आणि त्यासाठी आधी अर्ज भरावा लागतो. मतदानाच्या दिवशी पोलिओचे डोस दिल्यासारखं दारोदार कुणी फिरत नाही. ज्याने कुणी हे रचलं होतं, त्याला एवढं बरोबर ठाऊक होतं. निव्वळ थाप मारली असती तर बाबांनीही हसून सोडून दिली असती.

वर गेले तर तिसऱ्या मजल्यावर, आमच्या शेजारच्या मालवणी काकी दार सताड उघडं टाकून बसलेल्या. ठेवणीतली साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, टीपॉयवर चकल्या आणि पाहुण्यांच्या कपबशा. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या चाळीखाली उतरल्या नव्हत्या. पण मत त्यांनी आयुष्यात कधी चुकवलं नव्हतं. नवरा संपात घरी बसला होता, घरात चूल पेटायची मारामार होती, तेव्हाही जाऊन शिक्का मारून आल्या होत्या.

"सायबांका उशीर झालो वाटतां," त्या म्हणाल्या. "च्या दोनदा गरम केलंय."

माझं डोकंच फिरलं. त्या चकल्या बघून तर जास्तच.

घरात बाबाही इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात ओळखपत्र ठेवून बसले होते. साहेबांची वाट बघत.

"फळ्यावरचं ते कुठून आणलंत?"

"ग्रुपवर आलं. वर सिंह होते ना, सरकारी."

"सिंह मीपण लावून देते, बाबा. हवे तर हत्ती लावते."

"खाली सही होती. किती स्वच्छ टाइप केलं होतं गं."

"बाबा, प्रेत पाहिलंत?"

बाबांचा हात खिशावर गेला, ओळखपत्र चाचपलं, आणि मान खाली गेली. मला आपल्याच बोलण्याची लाज वाटली, पण घड्याळाकडे बघून ती मी बाजूला ठेवली. केंद्राचं दार संध्याकाळी सहाला बंद होणार होतं.

मी ग्रुपवर लिहिलं, हा मेसेज खोटा आहे, सगळ्यांनी केंद्रावर जा. उत्तरादाखल हात जोडलेली सहा चित्रं आणि एक गुलाब आला. बाबा तोवर पायात चपला सरकवत होते. "माझ्या हाताने गेलंय," ते म्हणाले, "मीच परत आणतो. तू काकींचं बघ."

काकींचं बघायला मी मंडळाच्या चौघांना बोलावलं. आमच्या जिन्याचं वळण असं आहे की कपाट अडकतं, सोफा अडकतो, पण दरवर्षी बाप्पा बरोबर उतरतो. ती विद्या फक्त मंडळवाल्यांकडे. त्यांनी काकींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलली आणि वळणावर एकजण सवयीने ओरडला, "मूर्ती सांभाळ रे! डावा हात वर!" दुसऱ्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "गणपती बाप्पा..." आणि खालच्या मजल्यावरून "मोरया" आलंसुद्धा.

"मेल्यांनो, माझां विसर्जन करतास की काय!" काकी कडाडल्या. पण खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसल्या होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या.

बाबा एकेक दार ठोठावत होते. सगळीकडे तेच. इस्त्रीचे कपडे, धुतलेल्या कपबशा. बहुतेकजण ऐकून निघाले. अडले ते तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर.

"तुम्ही हे तोंडी सांगताय," मास्तर म्हणाले. "फळ्यावर तर वेगळं लिहिलंय."

"ते मीच लिहिलंय हो!"

"मग बरोबरच असणार."

बाबांनी कपाळावर हात मारला. मग फळ्यापाशी गेले, फडकं घेतलं, पुसलं आणि नव्याने लिहायला बसले. तेही तसंच, रेखीव, वेलांट्या वळवत. मी शेजारी उभी राहून किंचाळत होते, "बाबा, गिचमिड चालेल!" ते म्हणाले, "गिचमिड लिहिलं तर मास्तरांना खरं वाटणार नाही." आणि खरंच, मास्तरांनी दुहेरी रेघेपर्यंत सगळं वाचलं आणि मगच काठी उचलली.

केंद्र मागच्या गल्लीतल्या शाळेत होतं. काकी खुर्चीसकट आत पोचल्या. मास्तर आमच्यापुढे होते, तेही पोचले. बाबा म्हणाले, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना ऐकू येत नाही, त्यांनी दार उघडलं नव्हतं, पुन्हा जाऊन सांगून येतो. सहाला दहाच मिनिटं होती, मी नको म्हणत असताना ते मागे वळले. आजोबा आधीच नातीबरोबर मत देऊन आले होते. कान गेले तसे डोळेही गेलेले; फळा त्यांना वाचता येत नव्हता, म्हणून वाचले.

बाबा परत आले तेव्हा पोलिस दार लावत होता. "काका, वेळ झाली," तो जरा ओशाळूनच म्हणाला. मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. बाबांनीच माझा हात धरला. "नियम आहे," ते म्हणाले. वॉर्ड ऑफिसात शिपायाशीही तासभर हुज्जत घालणारा हा माणूस, त्या दोन शब्दांवर परत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर होतं: "मतदानाबाबत काल येथे लिहिलेली सूचना खोटी होती. ती मी खात्री न करता लिहिली." खाली पूर्ण नाव, खोली नंबर आणि दुहेरी रेघ. नंतर पाण्याची सूचना आली तरी त्यांनी ते पुसलं नाही, कोपऱ्यात लिहिली.

त्या सकाळी गॅलरीत सगळे एकमेकांना शाईचं बोट दाखवत होते. काकींनी आपलं नाचवलं आणि बाबांना म्हणाल्या, "तुझां दाखव रे."

बाबांनी बोट पुढे केलं. त्यावर खडू होता.

काकींचा हात खाली आला. मग त्यांनी विचारलं, "मत कोणाक देऊचां होतां रे तुका?"

"आता काय सांगून उपयोग, काकी," बाबा म्हणाले. "ज्याने तो मेसेज धाडला, त्याने नेलं ते."