इस्लामपुरातली आफ्रिका

वाचनालयात वाचक कमी आले तरी चालतं, किस्से मात्र साठतच जातात. घरी ऐकायला कोणी असतं तर रोजचे रोज खपले असते! बायको जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा आता तुम्हीच ऐका.

इस्लामपूरच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. कपाटं दोन, आणि माझं लाडकं पुस्तक एकच: आफ्रिकेचं जाडजूड प्रवासवर्णन. ते इतक्या वेळा वाचलं, की लोक मला 'आफ्रिकेचे मास्तर' म्हणायला लागले.

*

एकदा एका परगावच्या माणसानं दारातून विचारलं, "सांगलीची मोटार कुठनं सुटती?"

मी गोंधळलो. किती वर्षांत सांगलीला गेलोच नव्हतो.

बाकावर पेपर वाचत बसलेले पोस्टातले नाना खेकसले, "त्यांना काय विचारता? नाईल कुठनं निघते ते विचारा, बोट धरून नेतील!"

*

ते पुस्तक मी 'प्रवास' या सदरात नोंदवलं होतं. तपासणीला आलेल्या चेअरमननी ते खोडून 'कादंबरी' लिहिलं.

"अहो, सगळं खरं आहे त्यात!"

"तुम्ही गेला होता?"

"नाही."

"मीही नाही. मग खरं कशावरनं? गावातलं कोणी बघून येईपर्यंत राहू द्या कादंबरीत!"

*

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत दर बाजाराच्या दिवशी तानूबाई यायच्या. शेजारच्या खेड्यातल्या. त्यांचा एकुलता एक गणपा पलटणीत होता. पलटण आफ्रिकेत आहे, एवढंच कळलं होतं. पत्रातलं गावाचं नाव सेन्सॉर काळ्या शाईनं खोडायचा. भाजीची पाटी उतरवून त्या दारात बसायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, आज माजा गणपा कुठवर गेला, वाचा."

मी पुस्तकातल्या प्रवाशाच्या जागी गणपाचं नाव घालून वाचायचो. पाणघोडा आला तेव्हा म्हणाल्या, "आवं, एवढं धूड उसात शिरलं म्हंजी?"

सिंहाची पानं मी गाळायचो. एकदा वाळवंट आलं.

"पानी घावलं का त्याला?" त्यांनी इतक्या घाईनं विचारलं, की मी म्हणालो, "घावलं की! विहीर होती."

त्या पानावर विहीर नव्हती. पुढं मी दर दोन पानांना एक विहीर खणली!

खरं सांगतो, बाकीचे दिवस मी बाजाराची वाट बघत काढायचो. तेवढ्या एका दिवशी माझ्याशी कोणी दोन तास बोलायचं.

*

लढाई संपली. गणपा धडधाकट परत आल्याचं नानांनी सांगितलं, तेव्हा आनंदानं मी त्यांना भज्यांसकट चहा पाजला. पण पुढचे तीन बाजार तानूबाई आल्या नाहीत, आणि मला वाईट वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

चौथ्या बाजाराला दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला. पायात पलटणीचे बूट.

"मी गणपा. तानूबाईचा."

मी उठून खुर्ची पुढं केली. "ये रे, ये! आता तूच सांग, आफ्रिका कशी असते. मी आपली पुस्तकातली सांगत होतो."

तो बसला नाही. कपाटाकडं बघत राहिला.

"आई रोज इचारती, मास्तर. तिकडं कसं हुतं, सांग म्हनती."

"मग सांग की!"

"न्हाई सांगता येत. तुमी तिला सांगितली ती आफ्रिका मलाबी वाचून दावा."

"अरे, तू तर जाऊन आलास!"

"व्हय," गणपा म्हणाला, "म्हनून तर."