सात नंबरच्या कपाटातला डबा

आमच्या युद्धस्मारक संग्रहालयाचे साहेब गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या आठवणींची पुस्तिका निघते आहे, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली होतात तर दोन पानं लिहाच, असं कार्यालयातून दोनदा सांगणं आलं. मला लिहायची सवय नाही. साहेबांबद्दल चांगलं सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्याजवळ सांगण्यासारखा एकच आठवडा आहे, आणि त्यात माझी बाजू काही चांगली नाही.

साहेब परदेशी. तेही ज्या देशाशी आमचं युद्ध झालं, त्याच देशाचे. वस्तूंच्या याद्या करायला म्हणून सहा महिन्यांसाठी आले आणि राहिलेच. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना 'पाहुणे' म्हणत. हे त्यांनाही ठाऊक होतं. कधीकधी फोन उचलून स्वतःच म्हणायचे, "बोला, पाहुणे बोलतोय." आमची भाषा ते छान शिकले होते, पण कुणाला अरे-तुरे करायला शिकलेच नाहीत. आवारातल्या मांजरालासुद्धा "अहो, जरा बाजूला व्हा" म्हणायचे.

त्यांनी एक पद्धत सुरू केली होती. ज्या घराने वस्तू दिली असेल, त्या घरचं माणूस युद्धात गेलेल्या आपल्या माणसाच्या स्मृतिदिनी आलं की कपाट उघडायचं आणि ती वस्तू पाव तास त्यांच्या हातात द्यायची. आपण दाराबाहेर उभं राहायचं. आदल्या दिवशी साहेब स्वतः फोन करत. "उद्या येताय ना? पायऱ्यांना कठडा बसवून घेतलाय, काळजी करू नका." म्हातारी माणसं त्या फोनची वाट बघत बसायची, असं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

पण साहेबांचं इथलं राहणं वर्षावर्षाचं होतं. सात जणांची समिती दरवर्षी 'हे आम्हाला हवेत' असं लिहून द्यायची, तेव्हा त्यांना राहण्याचा परवाना पुढे मिळायचा. समितीत एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा धाकटा भाऊ त्या युद्धात गेला होता. त्या दरवर्षी साहेबांच्या विरोधात हात वर करायच्या. उघडपणे. "माणूस चांगला असेल, पण माझ्या भावाच्या वस्तूची किल्ली त्यांच्याकडे नको," असं त्यांनी साहेबांना तोंडावर सांगितलं होतं.

त्या भावाचा जेवणाचा पत्र्याचा डबा सात नंबरच्या कपाटात होता.

मला तिथे लागून तेव्हा तीन महिने झाले होते. आधीची अठरा वर्षं मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भांडी घासली. सगळे मला मामा म्हणत, तेच नाव इथेही आलं. साहेब दोन-तीन दिवसांसाठी कामानिमित्त बाहेर गेले होते. सोमवारी संग्रहालय बंद. मी कपाटांच्या काचा आतून पुसत होतो. सात नंबर उघडलं आणि तो डबा दिसला. मातीने बरबटलेला, झाकणाच्या कडेला वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे. शुक्रवारी भावाच्या स्मृतिदिनाला बाई येणार हे मला माहीत होतं. मनात आलं, एवढ्या मोठ्या बाई येणार आणि आपण त्यांच्या हातात असला घाण डबा देणार? साहेबांची काय शोभा राहील? मी तो मागच्या नळावर नेला, आधी माती खरवडून वर्तमानपत्रावर काढली, मग ब्रशने घासला. दोन तास घासला. आरशासारखा केला. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

मंगळवारी सकाळी तिकीटखिडकीवरच्या ताई सात नंबरपुढे थांबल्या.

"मामा, हा डबा कुठला?"

"तोच की. घासला जरा."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, माती कुठेय?"

"माती?"

"पाटी वाचलीत का? मागे बघा, मागे!"

डब्याच्या मागे छोटी पाटी होती. बाईंचा भाऊ जिथे पडला तिथल्या मातीसह डबा आहे तसा घरी आला, तसाच ठेवला आहे, असं त्यावर लिहिलं होतं. त्याचं बाकी काहीच घरी आलं नव्हतं. बाई जिला दरवर्षी हात लावायला यायच्या, ती ही माती होती.

ताई म्हणाल्या, "शुक्रवारी बाई, शनिवारी समिती. मामा, तुम्ही पाहुण्यांचं सामान बांधलंत."

मातीचं वर्तमानपत्र मी कचऱ्याच्या पेटीत टाकलं होतं, तिकडे धावलो. गाडी सकाळीच येऊन गेली होती. पेटी रिकामी.

घरी ताट तसंच बाजूला सारलं. बायकोने खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. आधी ती हसली. "अहो, लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्या एका पातेल्याला कधी हात लावला नाहीत, आणि जो घासायचा नाही तो डबा तेवढा घासलात!" मग माझा चेहरा पाहून तिने हसणं थांबवलं. ताट पुन्हा पुढे सरकवत म्हणाली, "त्यांना जावं लागेल का हो?" मला तोच एक प्रश्न पडला होता. आमच्या मुलीच्या शाळेत साहेब स्वतः येऊन मुलांशी बोलले होते, तेव्हापासून ती घरात त्यांच्यासारखं "अहो मांजर" म्हणत फिरायची.

बुधवारी मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. आवारातल्या कुंडीतली माती घेतली, पाण्यात कालवली आणि डब्याला थापली. पत्र्याच्या छपरावर उन्हात वाळवली. लांबून बरी दिसत होती. मी डबा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली. दिवसभर दर दहा मिनिटांनी तिथे जाऊन बघायचो. दुपारी मातीला बारीक तडे पडले. संध्याकाळी एक ढेकूळ सुटून पडलं.

गुरुवारी साहेब आले. प्रत्येक दालनातून चक्कर मारायची त्यांची सवय. मी चार नंबरच्या कपाटाशी उगाच फडकं फिरवत होतो.  सात नंबरपुढे ते बराच वेळ उभे राहिले.

"मामा, ही माती ताजी आहे का?"

मला खोटं बोलायचं होतं.  पण सगळं एकदम बाहेर पडलं, नळ, वर्तमानपत्र, कुंडी, सगळं. साहेब खुर्चीवर बसले. लोकांसमोर ते कधी बसायचे नाहीत. चेहरा पांढरा पडला होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मीच म्हणालो, "साहेब, मी जास्त नीट लावतो. बाईंना कळणार नाही."

"त्यांना कळलं नाही, तर ते जास्त वाईट, मामा," ते म्हणाले. मग विचारलं, "ब्रश कुठाय?"

डबा घासलेला ब्रश नळाजवळच पडला होता, वाळून कडक झालेला. साहेबांनी टेबलावर पांढरा कागद पसरला. टाचणीने ब्रशचा एकेक केस मोकळा करायचा आणि कागदावर झटकायचा. दोघांनी मिळून तीन तास तेच केलं. कुंडीची माती ब्रशला लागली नव्हती, ती मी हातानेच थापली होती, एवढंच काय ते बरं. शेवटी चिमूटभर माती जमली. ती त्यांनी काचेच्या छोट्या बाटलीत भरली. मग डबा धुतला आणि बाईंना फोन केला. "उद्या येताय ना?" एवढं नेहमीसारखं म्हणाले. पुढे म्हणाले, "डब्याचं नुकसान झालं आहे. ते आल्यावर बघालच, पण आधी सांगायला हवं."

मी म्हणालो, "साहेब, परवा समिती आहे."

"हो ना," ते म्हणाले, आणि बाटलीचं बूच पुन्हा तपासलं.

शुक्रवारी बाई वेळेवर आल्या. साहेबांनी टेबलावर डबा आणि बाटली शेजारी शेजारी ठेवली. नेहमीप्रमाणे बाहेर न जाता ते समोर उभे राहिले. बाईंनी चकचकीत डबा पाहिला. हात लावला नाही.

"कुणी केलं हे?"

"माझ्या देखरेखीत झालं. जबाबदारी माझी," साहेब म्हणाले.

"जबाबदारी नाही विचारली. घासला कुणी?"

मी दाराबाहेर होतो. तिथून निघून जाता आलं असतं. "मी, बाई," म्हणालो, आणि ते इतकं हळू आलं की पुन्हा म्हणावं लागलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "का?"

"घाण दिसत होता. तुम्ही येणार होतात."

 बाईंनी बाटली उचलली, उजेडात धरली. "एवढीच?"

"एवढीच," साहेब म्हणाले. "यात एक कणही दुसरा नाही. आधी यांनी कुंडीतली लावली होती, ती काढून टाकली."

ते का सांगितलं, असं मला झालं. पण त्यांनी सांगितलं.

"तुम्ही दोघं बाहेर जा," बाई म्हणाल्या. पाव तासाने बाहेर आल्या त्या सरळ निघून गेल्या. कठडा न धरता पायऱ्या उतरल्या.

शनिवारी समिती वरच्या खोलीत बसली. साहेबांना खाली थांबावं लागायचं. ताईंनी चहा आणला, तो तसाच निवला. वरून कुणीतरी मोठ्याने बोलत होतं, शब्द कळत नव्हते. मी ठरवलं होतं की साहेबांना जायला सांगितलं तर वर जाऊन पाया पडायचं. पण पाया कुणाच्या पडायचं तेही कळत नव्हतं. साहेब मांजराशी काहीतरी बोलत होते, आणि मांजर निघून गेलं तरी बोलतच राहिले. तेव्हा मला प्रथमच समजलं की तेही घाबरले होते.

दीड तासाने सगळे खाली आले. बाई सर्वांत मागे. त्या साहेबांसमोर थांबल्या.

"चार विरुद्ध तीन. राहताय तुम्ही."

साहेबांनी मान झुकवली. "आभारी आहे."

"माझे आभार मानू नका. मी विरोधातच होते." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "डब्याचा विषय मी काढला नाही. काढला असता तर तुमचं काय झालं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही नको आहात त्याचं कारण डबा नाही. ते कारण वेगळं, आणि ते तसंच राहणार. पुढच्या वर्षीही हात वरच असेल."

"हो," साहेब म्हणाले.

"आणि पुढच्या वर्षी मला डबा नको. बाटली द्या हातात."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मामा, बाटली पुसायची नाही."

ताई तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं नाही. साहेब त्यानंतर अकरा वर्षं राहिले, आणि अकराही वर्षं मी त्या बाटलीला फडकं लावलं नाही. बाईंनी दरवेळी विरोधात हात वर केला. साहेबांनी दरवेळी आदल्या दिवशी फोन केला.