नाकाशेजारचं हाड

माझा डावा डोळा जन्मापासून गळतो. माहेरी कुणाला त्याचं काही वाटत नसे. आई पदराने टिपायची आणि आपल्या कामाला लागायची.

लग्न होऊन कासूहून रोह्याला आले. मला बोलायला जमत नाही, नव्या घरात तर तोंडच उघडत नसे. नळावर शेजारणी विचारायच्या, "काय झाला गो? सासू बोलली काय?" मी नुसती मान हलवायची. त्यातून त्यांना समजायचं ते समजायचं. महिन्याभरात आळीभर झालं, सासू सुनेला रडवते.

सासूबाई मला कधी उणा शब्द बोलल्या नव्हत्या. हे त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. तवा खाली उतरवून म्हणाल्या, "माझ्या घरात तुला काय कमी हाय, सांग."

मला सांगायचं होतं, हे रडणं नव्हे, डोळाच असा आहे. तोंडून निघालं, "काय नाय." आणि नेमका तेव्हाच थेंब ओघळला.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तांदूळ निवड. पाणी ठेव. हे कंपनीत शिफ्टला जात, घरात आम्ही दोघीच. अशी बारा वर्षं गेली.

मग डोळ्याच्या कोपऱ्यात सूज आली, दाबलं की पू यायचा. यांनी पनवेलच्या दवाखान्यात नेलं. सासूबाईही निघाल्या. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅनचा फोटो उजेडावर धरला. म्हणाल्या, डोळा आणि नाक यांच्यामध्ये करंगळीच्या नखाएवढं एक हाड असतं. बहुतेकांचं कागदासारखं पातळ असतं, काहींचं जाड. माझं जाड होतं, आणि त्याच्या बाजूने पाणी नाकात उतरायची वाटही अरुंद. ऑपरेशन करून नवी वाट पाडायची, पण हाड असं असलं की ते साध्या हत्याराने तुटत नाही, ड्रिल लागतं. म्हणून आधी फोटो.

सासूबाई पुढे सरकल्या. "म्हंजे ही रडत नव्हती?"

"नाही हो आजी."

"बारा वरसं?"

"जन्मापासून."

परतीच्या गाडीत पेण आलं. मग म्हणाल्या, "देवानं तोंड दिलंय ना गो तुला?" आणि आपल्या पदराने माझा डोळा पुसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, "रडत नाय ती! हाड जाड हाय तिचं." वाटेने जाणाऱ्यालाही सांगायच्या.

ऑपरेशनला दोन महिने होते. त्याआधीच माझी आई गेली. बारावं करून मी रोह्याला परतले. काही दिवसांनी पडवीत वाल सोलत बसले होते. आईला वाल सोलताना गुणगुणायची सवय होती, ते आठवलं आणि मला आवरेना. शेजारीण थांबली. "आईची आठवण येते काय गो?"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "नाय गो, ते हाडाचं हाय."

शेजारीण "व्हय व्हय" म्हणत निघून गेली. हे वाक्य त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी बारा वर्षं थांबले होते. ते खोडायला माझी जीभ वळली नाही. उजवा डोळाही वाहत होता, पण तो भिंतीकडे होता. मी पुढचा वाल उचलला.