वरच्या मजल्यावरचा खर्ज

"वरचं सोडा ताई, खालचं ऐका." त्यांच्या घरी कुणीही रेकॉर्ड ऐकायला बसलं की ते हेच म्हणायचे आणि उजवा तळहात हवेत खाली दाबायचे, उतू जाणाऱ्या दुधाला थोपवावं तसा.

सुरतेत आमच्या सोसायटीत ते बरोबर माझ्या वरच्या घरात राहत. मूळचे अमरावतीचे, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणे. नाद एकच, जॅझच्या रेकॉर्डींचा. त्यातही तीन-चार वादकांच्या, आणि ज्यांत म्होरक्या डबल बास वाजवणारा आहे अशाच. डबल बास म्हणजे माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घाटाचं, खर्जात घुमणारं वाद्य. उभं राहून, बोटांनी तारा ओढत वाजवायचं. एरवी ट्रम्पेटवाला पुढे मिरवतो आणि बासवाला मागे असतो. "या रेकॉर्डींवर मागच्या माणसाचं नाव मोठं असते," काका सांगत. "तो ओरडत नाही. पण बाकीचे त्याच्या भरवशावर चालून राहिले, हे कळते."

आमची ओळख तक्रारीतून झाली. माझे यजमान हजिऱ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी झोपत आणि त्याच वेळी वरून ढुम्म ढुम्म सुरू होई. शेवटी मी वर गेले. "काका, आमचं छत हादरतं हो."

त्यांचा चेहरा उजळला. "खालपर्यंत पोचून राहिलं म्हणता?" मग ओशाळून त्यांनी आवाज कमी केला, आणि काकूंनी चहा पाजल्याशिवाय मला सोडलं नाही.

पुढे मात्र आवाज वाढत गेला. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन "काका, थोडो धीमो राखो ने" असं दोनदा विनवून गेले. काका म्हणाले, "धीमाच तर आहे." त्यांना तो खरोखरच धीमा वाटत होता, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

एका संध्याकाळी मी वर गेले तर जमिनीवर वायरींचा पसारा. रेकॉर्ड फिरत होती.

"बास गायब झाला ताई. पियानो येते, झांजा येतात, बास नाही. दुरुस्तीवाला म्हणते मशीन चांगली आहे. काहून होत असन असं?"

माझ्या तळपायांना फरशीची थरथर कळत होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी बघितलं तशी त्यांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं, फक्त सांगवत नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "बास वाजतोय. मला येतोय ऐकू."

त्यांनी सुई उचलली, रेकॉर्ड पुसली आणि पाकिटात घातली.

त्यानंतर वर सामसूम. तुम्हाला हसू येईल, पण आता यजमानांनाच झोप लागेना. "वर सगळं बरं आहे ना?" ते मला विचारत.

बरं नव्हतं. कानातलं एक इवलंसं हाड ताठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करू, बहुधा सुधारेल. क्वचित एखाद्याचं उरलंसुरलंही जातं. काकांनी तेवढा 'क्वचित' धरून ठेवला. "आहे ते राहू द्या," म्हणत ते खिडकीत बसून राहत.

काकू मला म्हणाल्या, "माझं बोलणं यांना आधीही ऐकू येत नव्हतं, त्याचं काही नाही. पण हे असे गप्प बसले की घर खायला उठते."

मग एका दुपारी काकूंनी मला घाईनं वर बोलावलं. काका जमिनीवर बसले होते, कपाळ स्पीकरच्या लाकडी खोक्याला टेकवून. मला वाटलं, चक्कर आली. त्यांनी हातानं थांबा म्हणून खुणावलं.

"असं केलं की बास येते," ते म्हणाले. "हाडातून येते. ऐकू येते का पाहायला डॉक्टरनं कपाळाला तो वाजणारा काटा लावला तेव्हा हेच सांगून राहिला होता, की आतलं शाबूत आहे, वाट बुजली आहे. मला वाटलं, धीर देते."

"आणि आता जन्मभर असंच खोक्याला डोकं लावून बसणार?" काकूंनी विचारलं.

काका हसले. कित्येक दिवसांनी हसले. "नाही ना बाप्पा. मान मोडन. घे तारीख."

शस्त्रक्रियेच्या वेळी मी काकूंजवळ बाहेर बसले होते. त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मीच मागे लागले यांच्या." नंतर काही दिवस कानात बोळा, डोकं गरगरतंय, आणि काहीच कळायला मार्ग नाही. ज्या दिवशी बोळा काढला, त्या दिवशी डॉक्टर काकांच्या पाठीमागे गेले आणि अगदी हळू म्हणाले, "जेवण झालं का?"

"नाही अजून," काका म्हणाले.

काकू तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. परतताना पर्वत पाटियाच्या चौकात साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो हॉर्न वाजवत अडकले होते. रिक्षात काका कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "केवढा गोंगाट आहे हा." आणि खुशीत बाहेर बघत राहिले.

आता ते दोघं अमरावतीला लेकीजवळ असतात. वर नवीन कुटुंब आलंय, त्यांची ओळख व्हायची आहे. काकांची आठवण निघाली की मला एक रविवारची सकाळ दिसते. डॉक्टरांनी घातलेली मोठ्या आवाजाची बंदी नुकती उठली होती. त्यांनी मला वर बोलावलं आणि रेकॉर्ड लावली, इतकी हळू, की पंखा बंद करावा लागला. बाकीचे वादक थांबले, बास एकटा राहिला. काका डोळे मिटून बसले होते.

"बोटं ऐकू येऊन राहिली," ते पुटपुटले. "तारेवर घासतात ती. ही तर मी आधीही कधी ऐकली नव्हती."

ओले हात पुसत काकू बाहेर आल्या. काकांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बस ना जराशी."

उभ्या संसारात काकूंनी एकही रेकॉर्ड पुरती ऐकली नव्हती. त्या बसल्या. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, पण दोघांपैकी कुणी हललं नाही. मीच आत जाऊन गॅस बंद केला.