शेंदूर फासलेला दगड

आम्हाला प्लॉट विकणारा माणूस कुणालाच नावानं हाक मारत नाही. सगळे त्याचे ‘भाऊसाहेब’. बुलडाण्याबाहेर, अभयारण्याच्या बाजूच्या लेआउटवर गिऱ्हाईक आणलं की तो आधी चपला काढतो आणि शेंदूर फासलेल्या एका दगडापुढे नारळ फोडतो. देव दिसला की माणसं जमिनीचे कागद जरा कमी बघतात. आम्हीही हात जोडले आणि दगडापलीकडे घर बांधलं.

गेल्या पावसाळ्यात शेंदूर धुऊन गेला आणि खाली कोरलेलं ‘वन’ दिसलं. मी त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, “हा तर जंगलाच्या हद्दीचा दगड! मग आमचं घर कुठं आहे?”

“काऊन घाबरून राह्यले, भाऊसाहेब? देवाले कोणी हात लावते का?” असं म्हणत त्यानं तेलात कालवलेला शेंदूर बोटानं त्या अक्षरांत भरला. जाताना त्या दगडाला नमस्कारही केला, अगदी मनापासून.

यंदा तो फिरकला नाही. फोनही बंद आहे. बाहेर जीप थांबली की बायको दार लावून घेते. काल पुन्हा ‘व’ उघडा पडला. आज बाजारातून येताना मी भाजीबरोबर शेंदराची पुडी आणली.