पंगतीतली माझी जागा

२०२३ साल, मी त्र्याहत्तर वर्षांचा. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी केळीच्या पानावर पंगत बसते. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून चेन्नईला आलो, तेव्हापासून माझी जागा खांबाजवळची. त्या वर्षी बसायला गेलो तर गुडघे वाकेनात. मंडळाच्या पोरांनी आदबीनं भिंतीकडच्या टेबलाशी नेलं. तिथे कारखान्यातला माझा जोडीदार आधीच जेवत होता. म्हणाला, "आलास का शेवटी खुर्चीवर?"

पुढच्या वर्षी खाली बसूनच जेवणार, असं बायकोला घरी येताना बसमध्येच सांगून टाकलं.

अण्णा नगरच्या बागेत सकाळी योगासनं शिकवतात, ही बातमी तिचीच. मी चौथीनंतर शाळेत गेलेलो नाही, आणि आता हातपाय हलवायला शाळेत जायचं? पण गेलो. शिकवणारी तमिळ बाई माझ्या लेकीच्या वयाची. मला बघताच तिनं प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. "तात्ता, तुम्ही यावर बसा." तात्ता म्हणजे आजोबा.

"वेंडाम," मी म्हटलं. नको म्हणजे नको.

सगळ्यांनी मांडी घातली. मी कसाबसा खाली टेकलो आणि पाऊल दोन्ही हातांनी धरून मांडीवर ओढलं. गुडघ्यात अशी कळ आली की दोघांनी धरून मला रिक्षात बसवलं.

घरी बायको गुडघ्याला तेल चोळत होती. म्हणाली, "कारखान्यात गंजलेला नट सुटला नाही की हातोडा घालायचात का हो?"

"छे. आटे जातील. तेल सोडायचं, मुरू द्यायचं. मग जरा पुढे, जरा मागे."

"मग गुडघ्यानंच तुमचं काय घोडं मारलंय?"

मी कॉफी मागितली.

सूज उतरल्यावर पुन्हा गेलो. बाईंनी या वेळी जाड सतरंजीची उंच घडी करून दिली, तीवर बसलो. गुडघे हवेत राहिले तर राहू देत, म्हणाल्या. जोर लावला की मी श्वास कोंडतो, हे त्यांनी लगेच हेरलं. "मेदुवा, तात्ता," म्हणजे सावकाश, असं दुरूनच ओरडायच्या. हळूहळू घडी उतरत गेली.

पुढच्या गणपतीत खांबाजवळ बसलो, खाली फक्त पंचा. मसालेभात झाला, मग रसम-भात. आमच्याकडे सगळ्यांचं होईपर्यंत पंगतीतून कुणी उठत नाही, आणि शेजारचे गृहस्थ ताकाचा भात अगदी चवीनं खात होते. माझ्या पायांना मुंग्या आल्या. टेबलावरून जोडीदार म्हणाला, "उठवायला क्रेन बोलवू का रे?"

पंगत उठली. पोरं हात द्यायला आली, त्यांना मागे सारलं. एक पाऊल रोवलं, गुडघ्यावर हात ठेवला, श्वास सोडला आणि उठलो. समोरच्या रांगेतून बायको बघत होती. तिनं पदर सावरला आणि हात धुवायला गेली.

हात धुताना जोडीदार जवळ आला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "बाग कुठली म्हणालास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन गेलो. बाईंनी त्याच्यासाठी खुर्ची आणली. माझे गुडघे रात्रभर ठणकत होते. म्हटलं, आणखी एक असेल तर द्या, आणि त्याच्या शेजारी ती ओढून बसलो.