लळिंगच्या घाटातला दम

सगळे मेकॅनिक काम झाल्यावर हात धुतात; धुळ्याचे आमचे नाना बॉनेट उघडण्याआधी धुतात. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतात, मूठ कानाला, आणि डोळे मिटतात. तेवढ्यात कोणी बोललं की खेकसतात, "ती काय म्हणस ते आयकू दे ना!"

माझ्या वडिलांची, आबांची, जुनी गाडी लळिंगच्या घाटात कायम धापा टाकायची. मोठा कार्बोरेटर बसवा, पॉवर वाढवा, असा हट्ट धरून मी नानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण इंजिनाचं, माझं नाही. मग वाकून अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखालून सुपारीएवढा लाकडी ठोकळा उपटला.

"आते जाय."

काय सांगू! तिनं अख्खा घाट तिसऱ्या गिअरमध्ये मारला आणि मी आत एकटाच आनंदानं ओरडत होतो! घाटावरचा लळिंगचा किल्ला मागे पडला तरी पेडलमध्ये जोर शिल्लकच!

परत येऊन विचारलं, "नाना, ठोकळा तिथं आला कसा?"

"मीच लायेल व्हता. तू शिकत व्हता तवय आबा म्हणे, पोऱ्या भलती जोरमा गाडी पयाडस."

"मग इतकी वर्षं काढला का नाही?"

"आबा काढ म्हणेच नहीत."

आबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी हसत सुटलो. नाना मात्र गंभीर. त्यांनी ठोकळा पुसला, माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "तुनी पोर आते गाडी शिकी ऱ्हायनी ना?"